आधी नक्कल, मग अक्कल

७ एप्रिल

आज दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली वाजवली. त्याच्या प्रिंटरमधून मेलेलं झुरळ निघालं, ते मी चिमट्यानं काढून दाखवलं, तर म्हणतो, बाईच्या हाती काम दिलं का असंच होते. झुरळ काय मी पोसलं होतं? हात उठला तो उठलाच. चिचगडच्या अख्ख्या बाजारानं पाहिलं.

नेमक्या नंदाबाई तिथं होत्या. देवरीला त्यांचा टायपिंगचा क्लास आहे, चाळीस वर्षं झाली. तालुक्यातल्या निम्म्या बाबूंची बोटं त्यांनीच वळवली. माझी वळली नाहीत. इंग्रजीत कशीबशी पास झाले आणि मराठीच्या परीक्षेत मशीनवर मूठ आपटून बाहेर आले. आज त्या रागावल्या नाहीत. पिशवीतून ही कोरी डायरी काढली आणि म्हणाल्या, "रंजिता, राग आला का हात नको उचलू. पेन उचल."

उचललं बाई. पहिल्या पानावर नाव, धंदा लिहायची जागा आहे. रंजिता. कम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. घरी कोण? मी आणि धाकटा भाऊ प्रफुल. माय-बाप गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तो सातचा. शाळेतून मार खाऊन आला की मी वरून दोन द्यायची आणि परत पाठवायची. मारून ये, मग जेवू. असा वाढवला म्हणून आज कोणी त्याच्या वाटेला जात नाही. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, लाइनमन येईपर्यंत खांबावर हाच चढतो.

संध्याकाळी आला तेव्हा उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. कुंपणाची तार लागली म्हणे. हळद भरून दिली. माझा थपडेचा किस्सा ऐकून एरवी पोट धरून हसला असता, आज न जेवता झोपला.

८ एप्रिल

रत्नपालला मारलं. आमच्याच वस्तीतला, साधा माणूस. काल संध्याकाळी नाल्याजवळच्या वळणावर बसच्या ड्रायव्हरला तो पालथा पडलेला दिसला. डोकं मागून उघडं पडलेलं, दोन्ही कोपरं मोडलेली. डोकं वाचवायला हात वर केले असतील, त्यावरच घाव बसले. लॅपटॉपची पिशवी पोटाखाली दाबून ठेवली होती. आधी देवरी, मग गोंदिया, मग नागपूर. शुद्ध नाही.

ठाण्यात लिहिलंय, मोटरसायकलवरून पडून जखमी. मोटरसायकल स्टॅंडवर उभी होती, आरसासुद्धा फुटलेला नाही. मोटरसायकल उभी आणि माणूस पडला, हे लिहिणाऱ्याचा हात कसा झडला नाही?

१० एप्रिल

रत्नपालची बायको ललिता नागपूरहून एका दिवसासाठी आली आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून गेली. वरचा एक कोपरा चेपलेला, पडदा तडकलेला. कळांच्या मध्ये रक्त वाळून काळं झालंय. मी कापूस आणि स्पिरिट घेऊन बसले. एक एक कळ उचकटून पुसली. गिऱ्हाइकाच्या मशीनमधून मी मुंग्या, पाली, चहा, साबुदाणा सगळं काढलंय, हे पहिल्यांदाच.

ललितानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. रत्नपाल जंगलात जनावरं मोजायच्या कामावर होता. झाडांना बांधलेले कॅमेरे असतात, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. हा आठवड्याला त्यातली कार्डं काढायचा, लॅपटॉपमध्ये उतरवायचा आणि कार्डं पुसून परत लावायचा. म्हणजे फोटो असतील तर याच डिस्कवर, दुसरीकडे कुठंच नाहीत.

"मार बसला त्याच्या आदल्या दिवशी मले म्हणे, इतवारीबाबा आपोआप नाई मेला. माह्याजवळ फोटू हाये."

इतवारीबाबा म्हणजे जंगलाकडेच्या दहा घरांच्या टोलीवरचा म्हातारा गोंड. मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि झाडाखाली मेलेला सापडला. चक्कर आली असेल म्हणून पुरून टाकला.

"मंग ठाण्यात काऊन नाई गेला?" मी विचारलं.

"म्हणे, आपल्याच वस्तीतला पोरगा हाये त्यात, पह्यले त्याले समजावतो. सोताहून ठाण्यात चाल म्हणतो. कोण पोरगा, ते नाई सांगतलं."

हेच आमच्या लोकांचं. आपला पोरगा, आपला पोरगा करत डोकं फोडून घ्यायचं. वस्तीत पोरं का कमी आहेत? अर्धी दारू पितात, अर्धी पत्ते कुटतात. ज्याचा हात असेल त्याचा हात मी मोडीन, असं ललिताला सांगितलं. प्रफुल बाजूलाच होता. तोही म्हणाला, "हो वैनी, मोडूच." गुणाचं पोर आहे.

११ एप्रिल

लॅपटॉप चालू केला. पंखा फिरला, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. खोललं. घावानं डिस्क खाचेतून निसटली होती. काढली, साफ केली, परत बसवली. आता एक पायरी पुढं गेलं आणि तिथं अडलं. कुलपाचा पासवर्ड मागितला.

हे कुलूप माझंच. दोन वर्षांपूर्वी रत्नपाल म्हणाला होता, जंगलात फिरतो, कोणी लॅपटॉप चोरला तरी आतलं दिसाले नको. मी नवीन सिस्टीम टाकताना अख्खी डिस्क कुलूपबंद केली. त्याला बजावलं, हे विसरलास तर मीच काय, कोणीच उघडू शकणार नाही, आत जे आहे ते राख समज. मग त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. त्यानं पासवर्ड टाकला, दोनदा. नंदाबाईंचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी तो, कळांकडे न बघता टाइप करायचा. कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज आलेला आठवतो.

ललिताला पासवर्ड ठाऊक आहे, हे नशीब. एकदा तिनं विचारलं तर हसून म्हणाला होता, रोज तुह्यंच नाव टाकतो. कोणतं? तर म्हणे, मोनालीची माय. मोनाली त्यांची मुलगी, नऊ वर्षांची.

पण पासवर्ड टाकायच्या आधी मी डिस्कची नक्कल करायला लावली. माझ्या धंद्यात एकच मंत्र: आधी नक्कल, मग अक्कल. मार खाल्लेली डिस्क कधी दम तोडेल सांगता येत नाही, तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. नक्कल दुसऱ्या डिस्कवर होते, कुलपासकट. ती कुठं ठेवते ते मी कुणाला सांगत नाही. दिवसा डब्याच्या पिशवीत, घरी तांदळाच्या कोठीत.

आज दुपारी बाजारातला हमाल शालीकराम दारात येऊन उभा राहिला. तोंडाला मोहाच्या दारूचा वास. "ताई, एकट्यात बोलाचं होतं," म्हणाला. प्रफुल आतून बाहेर आला तसा निघून गेला. याला काय बोलायचं असेल माझ्याशी?

१२ एप्रिल

नक्कल रात्रभर चालून पूर्ण झाली. दुकानातल्या माझ्या मशीनला लावली तर ते डिस्क ओळखेना, सुरुवातीची नोंद रत्नपालच्या लॅपटॉपमध्येच राहिली होती. पेनड्राइव्हवरून ती नव्यानं लिहिली. मग पासवर्डाची ओळ आली. मी टाकलं, इंग्रजी अक्षरांत: मोनालीची माय. चूक. सगळं जोडून टाकलं. चूक. पहिलं अक्षर मोठं करून टाकलं. चूक. तिसऱ्या चुकीनंतर पडदा काळा होतो, मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळपर्यंत चौऱ्याऐंशी वेळा केलं. एक ए, दोन ए, वाय, आय, मध्ये जागा, मध्ये रेघ, शेवटी मोनालीचं जन्मवर्ष. चौऱ्याऐंशीव्या वेळी माउस भिंतीवर फेकला. नवा होता.

प्रफुल दिवसातून तीनदा येतो, खुललं का, खुललं का. स्वतःचं काम सोडून. मी म्हटलं, तुले कायले एवढी काळजी? म्हणाला, "रत्नपालदादानं मले सायकल शिकवली होती." डोळे भरले त्याचे. मला तो लहानपणापासून बाईच म्हणतो. मग म्हणाला, "बाई, नाई खुलत तं फेकून दे ना. उगाच तुह्या जिवाले घोर. मूळ डिस्क कुठं ठेवते तू?" गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात, म्हटलं. त्याला वाटतं मशीनला लावलेली तीच मूळ आहे आणि रात्री मी ती आत ठेवते. समजावत बसले नाही.

शालीकराम पुन्हा आला होता. मी झाडू उगारला.

१३ एप्रिल

दुकान फोडलं.

सकाळी शटर अर्धं वर होतं. मशीन उताणं पाडून त्यावर हातोडा चालवलाय, आतल्या पट्ट्या माणसाच्या बरगड्यांसारख्या बाहेर आल्यात. ड्रॉवर उचकटलेला. रत्नपालची डिस्क दगडावर ठेवून ठेचली. तिचे तुकडे मी चहाच्या बशीत गोळा केले. काउंटरची काच, ट्यूबलाइट, झेरॉक्सचं झाकण, काही सोडलं नाही.

शटरचं कुलूप तोडलेलं नाही, उघडलंय. दुसरी चावी घरी खिळ्यावर असते, जाऊन पाहिली, होती जागेवर. आणि दुकानाच्या ओट्यावर कोण झोपलेलं होतं? शालीकराम. चावीवाल्याच्या टपरीत बसलेला असतो तो दिवसभर. दोन आणि दोन चार करायला शिक्षण लागत नाही. मी त्याच्या पेकाटात लाथ घातली, तो उठून पळाला. प्रफुल म्हणाला, "बाई, आता नको. गर्दी हाये. उद्या पाहू त्याले."

ठाण्यात गेले. जनावरं शिरली असतील म्हणाले. हातोडा घेऊन?

नक्कल वाचली, ती घरी तांदळात होती. कोणाला सांगितलं नाही. ललितालाही नाही. फोनवर ती रडत होती, तरी नाही सांगितलं.

१४ एप्रिल

आज जयंती. सकाळी निळे झेंडे, बुद्धविहारात वंदना, पांढरी साडी नेसून मी खीर वाटली. दुपारी मिरवणुकीचा डीजे चौकात थांबला होता. मी दुकान झाडत होते. शालीकराम मागच्या दारानं आत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"ताई, आज आयकाच लागते. मी तवा नाल्यावर होतो. मी पायलं..."

मला वाटलं धमकी देतोय. नाल्यावर होता म्हणजे मारणारा हाच, आता माझी पाळी. शटर ओढायची लोखंडी सळई हाताशी होती. पहिला तडाखा हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज डीजेतही ऐकू आला. तो खाली बसला. "मले नको मारू, आयकून तं घे," म्हणत होता. मी पाठीवर दिले, मांड्यांवर दिले, मोजले नाहीत. मग प्रफुल कुठून धावत आला, त्यानं मला बाजूला केलं आणि शालीकरामच्या तोंडावर बुटाच्या टाचेनं मारलं. एकदा, दोनदा, चारदा. जबडा एका बाजूला सरकला. दात फरशीवर पडले तेव्हा प्रफुल थांबला, वाकून त्याच्याकडे बघितलं, आणि पाचव्यांदा मारलं.

डीजेच्या आवाजात कोणाला काही कळलं नाही. प्रफुलनंच लोकांना सांगितलं, पिऊन पायरीवरून पडला. गोंदियाला नेलंय त्याला.

फरशी मी धुतली. पांढरी साडी भिजत घातली. नंदाबाईंनी खरं लिहायला डायरी दिली, तर खरं लिहिते: मारताना बरं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी केल्यासारखं वाटलं. आणि माझा भाऊ माझ्यासाठी धावून आला.

१७ एप्रिल

रत्नपाल काल पहाटे गेला. आज आणला. डोक्याला पट्ट्या गुंडाळून चेहरा एवढासा झालेला. मोनाली बापाच्या पायाचा अंगठा धरून बसली होती, सोडेना. तिरडी उचलताना प्रफुल पुढं होता. सगळ्यांत जास्त तोच रडला, त्याला दोघांनी धरावं लागलं. मला आठवलं, इतवारीबाबा गेला तेव्हाही हा तीन दिवस जेवला नव्हता. त्या आठवड्यात रानडुकराचं मटण आणून दिलं, मी शिजवलं, स्वतः शिवला नाही. लोक म्हणतात रंजिताचा भाऊ दांडगा आहे. कसला दांडगा, लोण्यासारखं काळीज आहे त्याचं.

ललिता मला एवढंच म्हणाली, "ताई, आता तं कायीच नाई उरलं ना." तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं की नक्कल आहे. फक्त तिला.

१९ एप्रिल

नंदाबाई भेटायला म्हणून ललिताकडे आल्या होत्या, तिथून माझ्या घरी आल्या. मी लपवून एका जुन्या लॅपटॉपला नक्कल लावून बसले होते. तीनशे सहावा प्रयत्न. प्रफुल कामावर गेलेला.

त्यांना सगळं सांगितलं. शालीकरामचं सोडून. पासवर्ड ठाऊक आहे, पण लागत नाही, कोणत्या स्पेलिंगनं लिहिला ते कळत नाही.

नंदाबाईंनी चष्मा पुसला. "त्यानं पाहून टाइप केलतं का न पाहता?"

"न पाहता. धडाधड."

"तं मंग स्पेलिंग कायले शोधतेस? रत्नपाल दोन वर्षं माह्या क्लासमधी येत होता. त्याची बोटं मराठीच जाणतात. पडदा इंग्रजी का फिंग्रजी, त्याले काय करायचं? मराठीच्या कळा दाबल्या असतीन त्यानं. सरक."

मी सरकले. त्यांनी पदर खोचला, बोटं मधल्या ओळीवर ठेवली, डोळे मिटले. आमच्याकडे मराठी टायपिंग म्हणजे कृतीदेव. कळ इंग्रजीचीच दाबायची, कागदावर अक्षर मराठी उमटतं. इंग्रजी ई दाबली की म, यू दाबली की न. पण कुलपाला मराठी दिसत नाही, त्याला नुसत्या कळा दिसतात. ई, के, एस, यू, के, वाय, एच, पी, एच. मग जागा. मग ई, के आणि शेवटी अर्धविरामाची कळ, ती य ची. लाह्या फुटल्या. तोच आवाज, दोन वर्षांपूर्वीचा.

कुलूप उघडलं.

मी मराठीच्या परीक्षेतून उठून आले नसते तर पहिल्याच दिवशी उघडलं असतं. रत्नपाल तेव्हा जिवंत होता. शालीकरामचे दातही जागेवर होते.

नंदाबाईंची बस होती, त्या गेल्या. फोटो हजारो आहेत. सांबर, अस्वल, मोर, गुरं. मार्च महिना उद्या बघते, प्रफुल येईल इतक्यात. त्याला एकदम खुशखबर देईन.

२० एप्रिल

लिहायचं नाही म्हणून दोनदा पेन खाली ठेवलं.

प्रफुल सकाळी कामावर गेल्यावर बघितलं. बावीस मार्च, पहाटेचे चार बावन्न. अंधारातले फोटो काळेपांढरे असतात, पण स्पष्ट. तिघंजण. दोघं परके, देवरीकडचे असतील, मी कधी पाहिले नाहीत. ते खुंट्या ठोकतायत, गुडघ्याएवढ्या उंचीवर तार बांधतायत. रानडुकरासाठी खांबावरून करंट सोडायचा, डुक्कर तारेला लागलं की जागच्या जागी. तिसरा खांबावरून उतरतोय.

पुढच्या फोटोत पाच वाजून एकोणीस मिनिटं. इतवारीबाबा टोपली घेऊन येतोय. कमरेला नुसता पंचा, पाय अनवाणी.

पुढचा नुसता पांढरा.

त्याच्या पुढच्यात म्हातारा तारेवर वाकडा झालाय, टोपली अजून हातातच, बोटं तिला चिकटलेली. पिंढरीतून धूर निघतोय. पुढच्यात तिघं त्याला काठीनं ढकलतायत. पुढच्यात तिसरा माणूस त्याला दोन्ही पायांनी धरून फरफटत नेतोय, मोहाच्या झाडाकडे, डोकं मागं दगडांवरून उसळतंय. त्याच्या अंगातलं जर्किन मी मागच्या दिवाळीला गोंदियाहून आणलं होतं.

चेहरा कॅमेऱ्याकडेच आहे. वेगळा कोणी असेल असं म्हणायची सोयच ठेवली नाही पोरानं.

खांद्यावर तारेची चक्री लटकलेली आहे. फेब्रुवारीत माझ्या दुकानातून नेली होती, मोटारीसाठी म्हणे. चक्रीवर जाड मार्करनं माझंच अक्षर: रंजिता. माझी वस्तू कोणी ढापू नये म्हणून मी सगळ्यावर नाव घालते.

ते मटण मी शिजवलं होतं. जास्त तिखट घालून, त्याला आवडतं म्हणून. त्यानं खाल्लं नाही आणि मी दोन वाट्या खाल्लं.

आता सगळं आपोआप जागेवर बसतंय. हाताचं फडकं. खिळ्यावरची चावी. पाचवी लाथ. शालीकराम मला काय सांगायला येत होता, तेही. तीनशे सहा वेळा मी एक कुलूप उघडत होते आणि हे समोर उघडंच होतं.

तासभर माउसवर हात ठेवून बसले. फोटोची कड दोन बोटं आत घेतली तर नाव जातं. आठ फोटो पुसले तर प्रफुलही जातो, उरतात फक्त दोघं परके. कोणाला कळलं नसतं. माझा एकुलता एक भाऊ आहे. मी त्याला मायसारखं वाढवलं. पण मोनालीनं बापाचा अंगठा धरलेला डोळ्यांपुढून जाईना. हात काढून घेतला.

नकला केल्या. तीन.

२१ एप्रिल

सकाळी एक नक्कल ललिताच्या हातात दिली आणि सांगितलं, बारा वाजता ठाण्याच्या लोकांना घेऊन दुकानात ये. एक देवरीच्या बसनं नंदाबाईंकडे. तिसरीची जागा इथंही लिहीत नाही.

अकराला प्रफुलला बोलावलं. लॅपटॉपवर फोटो लावून ठेवला होता. तो आला, बघितलं, आणि हातातली चहाची किटली खाली ठेवली. मी म्हटलं, ललिता बाराला येते. त्याच्या आत सोताहून चाल. रत्नपाल हेच म्हणत होता ना तुले?

"बाई, म्हाताऱ्याले मी नाई मारलं. तो आला मंधात."

"आणि रत्नपाल?"

त्यानं किटली पायानं बाजूला सारली. मग म्हणाला, "दादा म्हणे, चाल माह्यासंग ठाण्यात. मी हो म्हणूनच राहिलो होतो. मंग त्यायनं माह्या गालावर एक मारली, लेकराले मारते तशी. आणि मंग मले कायीच दिसलं नाई. ते दोघं मागून आले, पण पयला दांडा माह्याच." घाम पुसत म्हणाला, "तूच तं शिकवलं. मार खाऊन घरी नाई याचं."

मी लॅपटॉप त्याच्याकडे आणखी वळवला.

"पुसून टाक बाई. तुह्यंई नाव हाये त्याच्यात."

"दिसलं मले."

मग त्यानं लॅपटॉप उचलून कोपऱ्यावर आपटला. स्टुलानं चेचला. डिस्क ओढून काढली आणि तोंडानं शिव्या देत भिंतीवर मारत राहिला. मी नकला आहेत म्हटलं तसा माझ्याकडे वळला. स्टूल माझ्या खांद्यावर बसलं, मग कपाळावर. डोळ्यात रक्त उतरलं. केस धरून काउंटरवर डोकं आपटलं, दोनदा. शटरची सळई माझ्या हाताखालीच होती. बोटं लागलीसुद्धा तिला.

नाही उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. धाडसबिडस नाही, उचलली असती तर मी थांबले नसते हे मला ठाऊक होतं.

तो दमला आणि माझ्या पायाशी बसला. "बाई, पाणी दे," म्हणाला. दिलं. पिऊन गिलास सरळ ठेवला, मी शिकवलं होतं तसा. बाराला पाच कमी असताना ललिता आली. त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. ती तशीच उभी राहिली, ठाण्याचे लोक त्याला घेऊन जाईपर्यंत.

२५ एप्रिल

कपाळाला सात टाके, खांद्याला पट्टा. बाकीचे दोघं काल सापडले.

ठाण्यात माझा जबाब झाला. चक्री माझी, नाव माझं, लिहा म्हटलं. आणखी एक लिहा: शालीकराम पायरीवरून पडला नाही. मी सळईनं पाडला. लिहिणाऱ्यानं मान वर केली. म्हणाला, बाई, त्याची तर तक्रारच नाही, कायले अंगावर घेता? मी म्हटलं, तुमच्या वहीत माणसं फार पडतात, एक तरी मारलेला लिहा. लिहिलं. बोलावतील तेव्हा यावं लागेल म्हणाले.

वस्तीत कोणी पाणी विचारत नाही. काहींच्या मते भावाला विकलं, काहींच्या मते इतकी वर्षं पाठीशी घातलं. दोघांचंही खरं असेल. ललिता मात्र रोज मोनालीच्या हाती भाकर पाठवते. मोनाली माझ्या टाक्यांकडे बघते आणि भाकर ठेवून जाते.

२७ एप्रिल

गोंदियाच्या दवाखान्यात गेले. डब्यात तांदळाची पेज होती, गाळून पातळ केलेली. शालीकरामचा जबडा तारेनं बांधलाय. वरचे दात खालच्या दातांना, जे उरलेत ते. दीड महिना तसाच राहील, बोलता येणार नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये. कोणी नातेवाईक नाही, नर्स म्हणाली, तुम्हीच पहिल्या आल्या.

मला बघून तो भिंतीला सरकला. मी खुर्ची मागं ओढून बसले. मग सांगितलं, तुम्ही जे सांगायला आला होता ते मला कळलं. प्रफुल आत आहे. मी जबाब दिला, तुम्हाला मी मारलं म्हणून. तो ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून काय म्हणायचं होतं ते मला समजलं नाही, आणि समजल्याचं सोंगही इथं करत नाही.

नळी लावून पेज दिली. थोडी प्यायला, निम्मी हनुवटीवरून गळ्यावर आली. पुसावी म्हणून मी रुमाल घेऊन हात उचलला.

त्यानं डोळे मिटले आणि जो एक हात चांगला होता त्यानं डोकं झाकून घेतलं.

मी हात खाली घेतला. रुमाल त्याच्या उशाशी ठेवला, त्याच्या हाताला लागेल असा. तो बराच वेळ तसाच होता, आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पेज गार झाली.